बोहाड्यातला शाळेचा मान

"देवी कुणाच्या डोक्यावर चढवली तुम्ही, बाई?"

देवराम गवळी शाळेच्या ओट्याखाली उभे होते. चपला काढून, टोपी नीट करून. मागे गावातले बरेचसे पुरुष. पाड्यावर देवरामबाबांच्या शब्दाला वजन होतं. एरवी ते शाळेत आले की आधी पाणी मागायचे, मग पाऊसपाण्याचं बोलायचे. आज पाणीही नको म्हणाले. माझे सहकारी भामरे सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. हे बागलाणातले, नामपूरजवळचे. एरवी शुद्ध मराठी बोलायचे, घाबरले की अहिराणीत यायचे.

"मॅडम, हाई तं भलतंच व्हयनं," ते पुटपुटले.

तर आधी काय झालं होतं ते सांगते.

ही शाळा पेठ तालुक्यातली, घाट उतरून आत गेल्यावर लागणारी. मी तिथं मुख्याध्यापक होते. ऐकायला मोठं वाटतं. शाळा द्विशिक्षकी, म्हणजे दोन शिक्षक आणि चार वर्ग. दोघांतला जो सीनियर तो मुख्याध्यापक. घंटाही तोच देतो. मी मूळची नाशिकजवळच्या मळ्यातली. आमच्याकडे मेथी-कोथिंबीर आणि झेंडू. डोंगरातलं मला काहीच माहीत नव्हतं, जे कळलं ते त्या गावानं शिकवलं.

त्या वर्षी वरून एक उपक्रम आला होता. मुलांना त्यांच्या परिसरातल्या कलेतून शिकवा. उपक्रम चांगला होता. आमच्या केंद्रातून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातून, डेमो लेसनसाठी माझी शाळा निवडली गेली. डेमो लेसन म्हणजे रोज शिकवतो तसंच शिकवायचं. फक्त मागे साहेब बसलेले असतात आणि मुलांचे केस विंचरलेले असतात.

परिसरातली कला म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. बोहाडा! चैत्र-वैशाखात तिकडे गावोगावी बोहाडा होतो. देवादिकांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून, सांबळ-सनईच्या तालावर माणसं नाचतात. एकेका पात्राला 'सोंग' म्हणतात. गणपती येतो, शारदा येते, रावण येतो, शेवटी देवी येऊन म्हसोबाला, म्हणजे महिषासुराला, मारते. आमची मुलं बोहाड्याची नक्कल वर्षभर करायची. मधल्या सुट्टीत पत्र्याचा डबा वाजायचा आणि कुणीतरी दप्तर डोक्यावर घेऊन रावण व्हायचं.

मग आम्ही वर्गात मुखवटे करायला घेतले. जुने पेपर भिजवले, कुटले, त्यात डिंक आणि मेथीचं पीठ घातलं. लगद्यात किती पाणी, किती पीठ, हे गणित. दोन डोळे एका रेषेत आले पाहिजेत, ही भूमिती. आपल्या सोंगाबद्दल चार वाक्यं बोलायची, ही भाषा. पेपर कुटताना जी मुलं घाम गाळत होती, ती एरवी बेरजेला जांभया देणारी मुलं होती. मी खूष होते. भामरे सर तर इतके खूष की त्यांनी रावणाला स्वतःच्या हातानं मिशा काढल्या.

कुणी कोणता मुखवटा करायचा, यासाठी आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. शिक्षकाच्या धंद्यात भांडण टाळायचा हा एकच खात्रीचा उपाय आहे. कुणाला वाईट वाटत नाही, कुणी वशिला लावू शकत नाही. देवीची चिठ्ठी यशोदा भोयेला निघाली.

यशोदा चौथीत होती आणि वर्गात बोलायची नाही. मुकी नव्हती. मैदानात तिचा आवाज ऐकू यायचा. पण आई-बापांबरोबर दर हिवाळ्यात दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जायची, परत आली की वर्ग पुढे गेलेला असायचा. चुकायच्या भीतीनं तिनं बोलणंच सोडलं होतं. त्या मुलीनं देवी अशी केली की आम्ही बघत राहिलो. नाकात नथ, कपाळावर मळवट. डोळे तिनं सगळ्यात शेवटी रंगवले, दारात उजेडाला बसून. शनिवारी सगळ्या मुलांनी आपापले मुखवटे चढवून मैदानात फेरी मारली. सोमवारी गाव दारात होतं.

"बाबा, मुलांचा खेळ आहे तो," मी म्हणाले.

"देवी खेळ नाय, बाई." देवरामबाबांचा आवाज चढला नव्हता, त्यानंच मला धास्ती वाटली. "देवी आमच्या घरची. माझा आजा आणायचा, बाप आणायचा, आता मी आणतो. बोहाड्याआधी उपास हाय, पायात वहाण नाय, निजायला बाज नाय. माझा बाप तापानं फणफणला व्हता, तरी देवी घेऊन नाचला. तुम्ही चिठ्ठी टाकून दिली!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बोहाड्यात प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. त्याला मान म्हणतात. गणपती अमक्या घराचा, रावण तमक्या घराचा, आणि तो बदलत नाही. मी चिठ्ठ्या टाकून अख्ख्या गावाचा मान पिशवीत घालून हलवला होता. आमच्या मळ्यातल्या लग्नात टॉवेल-टोपीच्या मानापायी भाऊबंद पंगतीतून उठून गेलेले मी पाहिलेत. तरी हे सुचलं नव्हतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "नि पोरीच्या डोक्यावर! बाईमाणूस सोंग घेत नाय आमच्यात."

इथं मात्र माझं डोकं फिरलं. "देवी स्वतः कोण आहे मग?" मी विचारलं. भामरे सरांनी माझा पदर ओढलाच असता, पण हिंमत झाली नसावी. देवरामबाबा ओटा चढून आत आले. टेबलावरची देवी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. मला वाटलं, आता आपटतात. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून तिच्यावर पांघरलं आणि अनवाणी घराकडे घेऊन गेले. यशोदा खिडकीशी उभी राहून बघत होती.

दुपारी मी विस्तार अधिकारी साहेबांना फोन केला. विस्तार अधिकारी म्हणजे तालुक्यातल्या शाळांवर देखरेख करणारे. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असायचा.

"साहेब, गावाची हरकत आहे. मुखवट्यांचा डेमो होणार नाही."

"मॅडम, डेमो बघायला टीम गुरुवारी येतेय. नाशिकहून गाडी बुक झालीय."

"मग काय करू?"

"वारली पेंटिंग करा. सगळे तेच करतात."

"साहेब, आमच्या पाड्यावर ते कुणीच काढत नाही."

"टीमला कुठे माहितीय?" साहेबांनी फोन ठेवला.

मंगळवारी यशोदा आली नाही. मधल्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले. बाप सोमा भोये दोरीनं गाठोडं बांधत होता. भोयांच्या घराला सोंगाचा मान नव्हता. त्यांनी बोहाड्यात मशाली धरायच्या, पिढ्यानपिढ्या.

"बाई, गावात मान वर करायची सोय ऱ्हायली नाय," तो म्हणाला. "लोक म्हणतात, मशालवाल्याच्या पोरीनं देवी घेतली. आम्ही चाललो उद्या-परवा बागेवर. तिला बी नेतो. धाकट्याला सांभाळील."

"परत कधी याल?"

"बघू."

हे 'बघू' आम्ही शिक्षक ओळखतो. चौथीतली मुलगी एकदा धाकट्याला सांभाळायला म्हणून बागेवर गेली आणि मनात शाळेची लाज घेऊन गेली, की ती परत वर्गात बसत नाही. पुढच्या वर्षी ती कात्रीनं घड विरळायला लागते. मग आमच्याकडे फक्त तिचं नाव उरतं. माझा डेमो गेला चुलीत, ही पोर जायला नको, एवढंच मला त्या क्षणी वाटत होतं.

यशोदा दाराआड होती. मी हाक मारली. ती दाराच्या फटीत आली. मग ती म्हणाली, "बाई, देवीचे डोळे मी वाईट काढले का?"

मला रडू आलं. लपवलं नाही, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

तिथून मी तडक देवरामबाबांकडे गेले. भांडायच्याच तयारीनं गेले होते. त्यांनी बसायला दिलं, कोरा चहा दिला. आतल्या खोलीत कणगीजवळ त्यांच्या घरची जुनी लाकडी देवी कापडात बांधून ठेवलेली होती. तिच्या शेजारी पाटावर आमची, वर्तमानपत्राच्या लगद्याची. तिला कुंकू लावलेलं होतं, आणि पुढे तांदळाचे दाणे. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "डोळे लई चांगले उघडलेत पोरीनं. म्हणून तर तिथं टेबलावर ठेववंना."

माझं भांडण तिथंच संपलं. मी विचारलं, "बाबा, बोहाड्यात नवं सोंग कधी येतं का हो?"

"येतं की. माझ्या बापाच्या येळेला जंगलसाहेबाचं आलं. टोपी, दांडका, तोंडात बिडी. माणसं हसून लोळली. महाल्यांच्या घरानं आणलं, आजपावेतो तेच आणतात. देवाची सोंगं बोलत नायत, पण असली हसवायची सोंगं बोलतात."

"मग शाळेनं एखादं आणलं तर? कुणाच्याच घरचं नाही असं?"

बाबांनी चहाची वाटी खाली ठेवली. "आणलं तर दरसाल आणावं लागंल. देवीपुढं एकदा नाचलेलं सोंग मोडता येत नाय. नि सोंग घराचं असतं, बाई. शाळा घर हाय का? तुम्ही आज हाय, उद्या तुमची बदली. मग आणील कोण?"

शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होतात. तिथं गाव, तालुका, सेवेची वर्षं, सगळं भरता येतं. आपण सोडून गेल्यावर सोंग कोण आणणार, याचा रकाना नाही.

शाळेत परत आले आणि मुलांनाच विचारलं, "कुणाच्याच घरचं नाही असं सोंग सांगा." मग काय विचारता! एसटीचा कंडक्टर, अस्वल, सुई टोचणारी नर्सबाई, टेकडीवर चढून रेंज शोधणारा माणूस. भामरे सर फळ्यावर लिहून दमले. पहिलीतली एक चिमुरडी बोट वर करून उभीच होती.

"बोल गं."

"बाई."

"हो, बोल ना."

"बाईचं सोंग, बाई. तुमचं."

वर्ग असा काही खिदळला की फळ्यावरची बाकी सगळी नावं बाद झाली. भामरे सरांनी तोंडावर रुमाल धरला होता. आतमध्ये ते काय करत होते ते खांद्यांवरून कळत होतं.

संध्याकाळी उन्हं उतरताना गाव पुन्हा शाळेच्या ओट्यावर बसलं. मी बोलावलं होतं, यावेळी आधी विचारून. बाईचं सोंग म्हटल्यावर म्हातारेही हसले. पण प्रश्न तोच होता. दरसाल कोण आणणार? कडेला सोमा भोये बसला होता. मी येतानाच त्याच्या घरी जाऊन देवरामबाबांचं डोळ्यांबद्दलचं बोलणं जसंच्या तसं सांगून आले होते. आता तो उभा राहिला.

"शाळेचं सोंग माझं घर आणील. दरसाल. बाईंची बदली झाली तरी."

"मशालवाल्यांनी सोंग घ्यायचं?" कुणीतरी म्हणालं.

देवरामबाबांनी त्या दिशेला पाहिलं. "त्यांनी मशाल नाय धरली तर तुझा रावण कुणाला दिसंल रे?"

"नि घेणार कोण? पोरगी? आजवर बाईची सोंगं गडीच घेत आले."

"ते देवाचं. ह्ये शाळेचं," बाबा म्हणाले. "शाळेत पोरी बी जातात. मान शाळेचा, सांभाळायचं भोयांच्या घरानं. कुणाची हरकत?"

हरकत नव्हती. असावी, पण बाबांसमोर कुणी काढली नाही. मी सोमाकडे बघितलं. तो म्हणाला, "पोरगी आजीजवळ ऱ्हाईल, बाई. सोंग शिकाया पाहिजे तिला." एवढं सांगून तो गाठोडं सोडायला घरी गेला. त्याचं आणि बायकोचं तेवढं बांधलेलं राहिलं.

गुरुवारी टीम आली. साहेबांनी आल्या आल्या भिंतींकडे बघितलं. वारली पेंटिंग कुठं दिसेना. मी म्हटलं, बसा. डेमो असा झाला की मी वर्गाच्या मध्ये खुर्चीवर बसले आणि मुलांनी माझं तोंड मोजलं. सुतळीनं कपाळ, हनुवटी, दोन डोळ्यांमधलं अंतर. मुखवटा दुप्पट मोठा करायचा होता, म्हणजे प्रत्येक मापाची दुप्पट. मग भांडण जुंपलं. नाक दुप्पट करावं की तिप्पट? मुलांचं म्हणणं, बाईंचं नाक रागावल्यावर मोठं होतं. मतं घेतली. तिप्पट ठरलं.

सुतळी यशोदाच्या हातात होती. मी पाहुण्यांकडे वळून काहीतरी समजावून सांगत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "हलू नका, बाई. माप चुकतंय."

खणखणीत. सगळ्यांसमोर. मी वाक्य अर्धवट सोडलं आणि पुतळ्यासारखी बसून राहिले. भामरे सर मागच्या दाराशी होते. ते उगाच बाहेर जाऊन हातपंपावर तोंड धुऊन आले.

टीमला पाठ आवडला. साहेबांचा सूरही बदलला. जाताना म्हणाले, "मॅडम, मुखवटा पूर्ण झाला की पाठवून द्या. ऑफिसात दर्शनी भागात लावू."

"नाही जमणार, साहेब. बोहाड्याआधी सोंग गावाबाहेर जात नाही."

"हा नियम कुणाचा?"

"गावाचा."

साहेबांनी मान डोलावली. नियम म्हटला की त्यांना बरं वाटायचं.

चैत्रात बोहाडा झाला. हसवायची सोंगं शेवटच्या दिवशी सकाळी, देवी निघायच्या आधी. मी आदल्या दिवशी यशोदाच्या आजीकडे माझी एक सुती साडी आणि जुनी पर्स देऊन ठेवली होती. मैदानाभोवती गाव बसलं होतं. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसंही होती. महाल्यांचा जंगलसाहेब बिडी ओढून गेला. मग पुकारणाऱ्यानं आरोळी दिली, "आली, आली, शाळेची बाई आली!" सांबळ घुमला आणि मी आत आले. म्हणजे माझा चेहरा, माझी साडी, माझी चाल. मी अशी चालते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. बाजूला सोमा भोये उभा होता. हातात विझलेली मशाल तशीच धरून तो मुलीकडे बघत होता.

तिनं फेरी मारली. पर्स उघडून मोबाईल काढला, रेंज शोधली, नाही मिळाली. लोक हसून हसून बेजार. मग ती देवरामबाबांसमोर जाऊन थांबली. बाबा उपाशी, अनवाणी बसले होते, देवी चढवायची वाट बघत. सांबळवाला वाजवायचा थांबला. इथून पुढचं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, मी तर मुळीच नव्हतं.

"देवरामबाबा," मुखवट्याआडून आवाज आला, "तुमची नात आठवडाभर शाळेत नाय. उपास तुमचा हाय, तिचा नाय. सोमवारपासून पाठवा."

बाबा उठून उभे राहिले. चौथीतल्या पोरीसमोर त्यांनी हात जोडले.

"पाठवतो, बाई," ते म्हणाले.

नात सोमवारी आली. वेणी घालून, घंटेच्या आधी.

पुढे माझी बदली झाली. नोकरीत मला प्रमाणपत्रं मिळाली, शाली मिळाल्या, नारळ तर किती तरी. पण एका गावानं मला आपल्या देवीपुढं नाचायला जागा दिली, याच्या तोडीचं काही मिळालं नाही. सोमा भोयेनं शब्द पाळला. यशोदा आता पेठला हायस्कुलात आहे. बोहाड्याला घरी येते आणि सोंग घेते. त्या गावाची मी ऋणी आहे आणि हे ऋण फेडायची मला अजिबात घाई नाही.

मध्यंतरी तिथल्या नव्या मुख्याध्यापकांचा फोन आला. तरुण, उत्साही माणूस. म्हणाले, "मॅडम, यंदा डेमो आमच्याकडे आहे. परिसरातून शिकवायचंय. सुरुवात कशापासून करू?"

"चपला काढून देवरामबाबांच्या ओट्यावर बसा," मी म्हटलं. "चहा घ्या. आणि ते काही विचारेपर्यंत शिकवू नका."